प्रमाणपत्र आणि नाव : नव्या डोमेन-विस्तारांतील व्यापारचिन्हांचा इतिहास

व्यापारचिन्हांचा कायदा हा मुळात मर्यादांचा कायदा आहे. व्यापाऱ्याने एखादा शब्द किंवा आकृती आपल्या मालाला लावली आणि ग्राहक त्या खुणेवरून माल ओळखू लागले, की ती खूण दुसऱ्याने त्याच प्रकारच्या मालावर वापरू नये, एवढाच हक्क हा कायदा देतो. आणि तो हक्कही दोन कुंपणांच्या आत राहतो. पहिले कुंपण मालाच्या वर्गाचे. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात माल आणि सेवा यांचे ४५ वर्ग केलेले असून चिन्हाची नोंदणी त्यांपैकी ठरावीक वर्गांपुरतीच होते; म्हणूनच अपोलो या नावाने टायर विकणारी कंपनी आणि त्याच नावाने रुग्णालये चालवणारी कंपनी भारतात शेजारी शेजारी नांदतात. दुसरे कुंपण देशाच्या सीमेचे : एका देशातली नोंदणी दुसऱ्या देशात आपोआप लागू होत नाही. इंटरनेटवरील नावांच्या व्यवस्थेला मात्र यांपैकी एकही कुंपण ठाऊक नव्हते. तिथे डॉट कॉमसारख्या एका विस्ताराखाली एक नाव एकालाच मिळते, ते जगभर एकाच अर्थाने चालते आणि त्यामागे टायर आहे की रुग्णालय हे कोणी विचारत नाही. डॉट कॉमच्या जोडीला नवे विस्तार आणण्याचा प्रश्न जेव्हा जेव्हा पुढे आला, तेव्हा तेव्हा या दोन व्यवस्थांचा सांधा कसा जुळवायचा यावरून वाद झाला. आणि प्रत्येक वेळी तडजोड म्हणून नोंदणीचे प्रमाणपत्र हाच हक्काचा पुरावा मानला गेल्यामुळे, प्रत्येक वेळी प्रमाणपत्रच सोयीने मिळवण्याची एक नवी वाट शोधली गेली.

अंकी पत्त्यांऐवजी शब्दांची नावे वापरण्याची ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये जॉन पोस्टेल यांच्या सहकार्याने आखली, तेव्हा जाळ्यावर विद्यापीठे, प्रयोगशाळा आणि संरक्षण खात्याशी संबंधित संस्था होत्या. डॉट कॉमखालचे पहिले नाव १५ मार्च १९८५ रोजी सिंबॉलिक्स या संगणक बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीने नोंदवले आणि पुढची कित्येक वर्षे या नोंदवहीकडे व्यापाऱ्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. १९९३ पासून नोंदणीचे काम नेटवर्क सोल्युशन्स या खासगी कंपनीकडे गेले. नियम साधा होता : जो आधी मागेल त्याला नाव मिळेल. मार्च १९९४ मध्ये पोस्टेल यांनी या व्यवस्थेची जी तत्त्वे लिहून काढली, त्यांत डोमेन नावाच्या नोंदणीने व्यापारचिन्हाचा कोणताही हक्क निर्माण होत नाही आणि नावावरून तंटा झाल्यास नोंदणी करणाऱ्या संस्थेने त्यात पडू नये, अशी भूमिका स्पष्ट होती. ती भूमिका समंजस होती, पण ती दीड वर्षही टिकली नाही.

कारण १९९४ मध्येच व्यापारी जगाला जाग येऊ लागली. पत्रकार जोशुआ क्विटनर यांनी वायर्ड मासिकासाठी लिहिताना मॅकडोनाल्ड्सच्या नावाचे डॉट कॉम स्वतःच नोंदवून टाकले आणि कंपनीने ब्रुकलिनमधील एका सरकारी शाळेच्या इंटरनेट जोडणीसाठी देणगी दिल्यावर ते सोडले. प्रवेशपरीक्षांची तयारी करून घेणाऱ्या प्रिन्स्टन रिव्ह्यू या संस्थेने कॅप्लन या प्रतिस्पर्ध्याचे नाव घेतले आणि ते लवादामार्फत परत द्यावे लागले. या खोड्यांना लवकरच धंद्याचे रूप आले. इलिनॉयमधील डेनिस टोपेन याने पॅनाव्हिजनसह अनेक प्रसिद्ध कंपन्यांची नावे नोंदवून ठेवली, पॅनाव्हिजनच्या पत्त्यावर पाना नावाच्या छोट्या गावाची आकाशातून घेतलेली छायाचित्रे टाकली आणि नाव सोडण्यासाठी १३,००० डॉलर मागितले. दुसऱ्याच्या नावलौकिकावर डोळा ठेवून डोमेन अडवण्याच्या या प्रकाराला सायबरस्क्वॉटिंग म्हणतात. १९९८ मध्ये अमेरिकेच्या नवव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने पॅनाव्हिजनच्या बाजूने, आणि त्याच वर्षी इंग्लंडच्या अपील न्यायालयाने ‘वन इन अ मिलियन’ नावाच्या टोळीवजा कंपनीविरुद्ध ब्रिटिश टेलिकॉम, मार्क्स अँड स्पेन्सर आदींच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा हा धंदा बेकायदा असल्याविषयी फारशी शंका उरली नाही.

न्यायालयांपर्यंत पोहोचायला वेळ लागतो आणि नेटवर्क सोल्युशन्सला तर प्रत्येक खटल्यात प्रतिवादी होण्याची धास्ती होती. म्हणून जुलै १९९५ मध्ये कंपनीने तंट्यांविषयी स्वतःचे धोरण जाहीर केले. डोमेनशी तंतोतंत जुळणाऱ्या चिन्हाचे नोंदणी-प्रमाणपत्र एखाद्याने पुढे केले, आणि डोमेनधारकाला स्वतःचे तसेच प्रमाणपत्र दाखवता आले नाही, तर डोमेन गोठवले जाई. त्या चिन्हाखाली काय विकले जाते आणि डोमेनधारक काय करतो, याचा विचार होत नसे. या धोरणाने नोंदणीच्या कागदाला जे महत्त्व दिले ते व्यापारचिन्हांच्या कायद्यानेही कधी दिले नव्हते. त्याचा परिणाम न्यू मेक्सिकोमधील रोडरनर कॉम्प्युटर सिस्टिम्स या छोट्या कंपनीला भोगावा लागला. रोडरनर हा त्या राज्याचा राज्यपक्षी. पण त्याच नावाचे एक कार्टूनपात्र वॉर्नर ब्रदर्सच्या मालकीचे असल्यामुळे कंपनीचे डोमेन गोठवण्याची नोटीस आली. कार्टून पाहणारा कोणी संगणकसेवा घ्यायला चुकून न्यू मेक्सिकोला पोहोचण्याचा संभव नव्हता, पण धोरणात त्या प्रश्नाला जागाच नव्हती. कंपनीने उत्तर धोरणाच्याच भाषेत दिले. ट्युनिशियात चिन्हाची नोंदणी काही दिवसांतच होते हे अमेरिकन वकिलांच्या लक्षात आले होते. कंपनीने तिथले प्रमाणपत्र मिळवले आणि मार्च १९९६ मध्ये नेटवर्क सोल्युशन्सवरच दावा लावला. दाव्यात तथ्य उरले नाही म्हणून तो पुढे निकाली निघाला आणि डोमेन कंपनीकडेच राहिले. ट्युनिशियात ना या कंपनीची कचेरी होती ना ग्राहक. हक्क नसलेल्याने नव्हे, तर हक्क असलेल्याने स्वसंरक्षणासाठी मिळवलेले हे सोयीचे प्रमाणपत्र होते; पण वाट एकदा पडली की तिच्यावरून कोण जाईल हे पाडणाऱ्याच्या हाती राहत नाही.

याच सुमारास डॉट कॉमवरचा भार कमी करण्यासाठी नवे विस्तार आणण्याची चर्चा सुरू झाली. १९९६ मध्ये पोस्टेल यांनी दीडशेपर्यंत नव्या विस्तारांचा विचार मांडला; वर्षअखेरीस नेमलेल्या एका आंतरराष्ट्रीय समितीने, जिच्यात जागतिक बौद्धिक संपदा संघटना म्हणजे वायपो आणि आंतरराष्ट्रीय ट्रेडमार्क संघटना म्हणजे इंटा यांचेही प्रतिनिधी होते, ती संख्या सातवर आणली. १ मे १९९७ रोजी जिनिव्हात तिच्या करारपत्रावर सह्या झाल्या, पण अमेरिकन सरकारने ती योजना उचलून धरली नाही. चिन्हांच्या मालकांचे म्हणणे समजण्यासारखे होते. एका विस्तारात आपले नाव सोडवून घेण्यासाठी वकिलांवर एवढा खर्च होत असेल, तर सात विस्तारांत सातपट होईल; आणि नव्या विस्तारात आपल्याला काही करायचे नसले तरी दुसऱ्याने काही करू नये म्हणून नाव घेऊन ठेवावे लागेल. जून १९९८ च्या श्वेतपत्रिकेत अमेरिकेने नावांचा कारभार एका ना-नफा संस्थेकडे सोपवण्याचे जाहीर केले आणि चिन्हांच्या प्रश्नाचा अभ्यास वायपोकडे दिला. त्या घोषणेतून त्याच वर्षाच्या सप्टेंबरअखेरीस कॅलिफोर्नियात आयकॅन ही संस्था स्थापन झाली. ऑक्टोबरमध्ये पोस्टेल यांचे निधन झाले.

३० एप्रिल १९९९ रोजी आलेल्या वायपोच्या अहवालातील दोन शिफारशी या इतिहासात निर्णायक ठरल्या, एक स्वीकारली गेल्यामुळे आणि दुसरी नाकारली गेल्यामुळे. पहिली होती न्यायालयाबाहेरच्या सक्तीच्या तंटानिवारणाची. तिच्यावरून आयकॅनने आखलेले धोरण, ज्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून यूडीआरपी म्हणतात, १९९९ च्या डिसेंबरात लागू झाले. त्यात तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : डोमेन आपल्या चिन्हासारखेच किंवा भ्रम होण्याइतके मिळतेजुळते आहे, धारकाचा त्यावर कोणताही वैध हक्क नाही, आणि त्याने ते बदहेतूने नोंदवून वापरले आहे. वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनच्या नावावरून जानेवारी २००० मध्ये लागलेला निकाल हा त्यातला पहिला. बदहेतूची अट ही या धोरणाची खरी ताकद होती, कारण तिच्यामुळे प्रमाणपत्राच्या पलीकडे जाऊन वागणुकीकडे पाहावे लागे. परंतु हा उपाय नाव बळकावले गेल्यानंतरचा होता. दुसरी शिफारस आधीच्या उपायाची होती : जगप्रसिद्ध चिन्हांची एक यादी करावी आणि त्या यादीतील शब्द नव्या विस्तारांत इतर कोणाला देऊच नयेत. हा तर दोन्ही कुंपणे मोडून शब्दच कायमचा मालकाच्या हवाली करण्याचा प्रकार आहे, असा आक्षेप कायद्याच्या अभ्यासकांनी आणि बिगर-व्यापारी वापरकर्त्यांनी घेतला. यादीत कोणाला घ्यायचे यावर एकमत झाले नाही आणि आयकॅनने ती शिफारस बाजूला ठेवली.

१६ नोव्हेंबर २००० रोजी मरीना डेल रे येथील सभेत आयकॅनने सात नवे विस्तार निवडले, त्यांपैकी सर्वांसाठी खुले असणारे डॉट इन्फो आणि डॉट बिझ हे महत्त्वाचे होते. यादी नाकारलेली असल्यामुळे चिन्हमालकांना काय द्यायचे हे प्रत्येक विस्ताराच्या चालकाने, म्हणजे रजिस्ट्रीने, स्वतः ठरवायचे होते. डॉट इन्फोची रजिस्ट्री अफिलियास हिने अग्रहक्काचा कालावधी ठेवला आणि त्याला सनराइज असे नाव पडले : सर्वसामान्यांसाठी दार उघडण्यापूर्वी काही आठवडे केवळ चिन्हमालकांनी आपली नावे घ्यावीत, मात्र चिन्हाची नोंदणी २ ऑक्टोबर २००० पूर्वीची असावी. ही तारखेची अट ट्युनिशियाच्या धड्यावरूनच आली असावी, कारण तिच्यामुळे घाईने मिळवलेल्या प्रमाणपत्रांना आपोआप अटकाव होत होता. पण प्रमाणपत्र खरे आहे की नाही हे तपासण्याची कोणतीही सोय अफिलियासने केली नव्हती. अर्जात देश, क्रमांक आणि तारीख भरली की नाव मिळे. जुलै ते ऑगस्ट २००१ च्या त्या कालावधीत ५० हजारांहून अधिक नावे नोंदली गेली आणि लवकरच उघड झाले, की त्यांतल्या असंख्य अर्जांत क्रमांकाच्या रकान्यात निरर्थक मजकूर भरलेला आहे आणि कोणाचेही चिन्ह होऊ शकणार नाहीत असे सामान्य शब्द, शहरांची नावे आणि देशांची नावे बनावट हक्कावर गेली आहेत. ज्यांचा हक्क खरा होता त्यांतले कित्येक मागे राहिले. ज्यांना खोटे लिहिण्याची लाज नव्हती ते पुढे निघाले.

या बनावट नोंदी निस्तरण्याचे काम वायपोच्या मध्यस्थी केंद्राकडे आले. आधी इतर दावेदारांना आव्हान देण्याची मुभा होती आणि तिची मुदत संपल्यावर अफिलियासने स्वतःच संशयित नोंदींवर घाऊक आव्हाने दाखल केली. अशी एकूण १५,१७२ प्रकरणे वायपोने हाताळली, म्हणजे ज्या योजनेने तंटे टाळायचे होते तिनेच तंट्यांचा एवढा ढीग उभा केला. डॉट बिझने निवडलेली रीत वेगळी होती. तिथे चिन्हमालकाला अग्रहक्क नव्हता. त्याने शुल्क भरून आपला दावा नोंदवायचा, ते नाव मागणाऱ्या प्रत्येकाला त्या दाव्याची सूचना जायची आणि तरीही अर्जदाराने नाव घेतले तर त्याच्याविरुद्ध खास प्रक्रियेत जाता यायचे. पडताळणी इथेही नव्हती, पण दावा खोटा असला तरी त्याने नाव हाती पडत नसल्यामुळे लबाडीला फायदा कमी होता. पुढे सगळी व्यवस्था याच दोन रीतींच्या मिश्रणातून घडली.

भारतात या सुमारास उलटी दिशा दिसते आणि ती लक्षात घेण्याजोगी आहे. १९९९ मध्ये देशात १९५८ चा जुना व्यापारचिन्ह कायदा चालू होता आणि त्यात सेवांसाठी चिन्ह नोंदवण्याची तरतूदच नव्हती. ती २००३ मध्ये नवा कायदा अमलात आल्यावर आली. त्यामुळे रेडिफ कम्युनिकेशन्सने आपल्या नावातले एक अक्षर बदलून ‘रॅडिफ’ डोमेन घेणाऱ्या सायबरबूथविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा तिचा आधार प्रमाणपत्राचा नव्हता, तर पासिंग ऑफचा, म्हणजे आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवण्याविरुद्धच्या जुन्या तत्त्वाचा होता. ‘रॅडिकल’ या शब्दातील आरंभीची आणि आणखी तीन इंग्रजी शब्दांची पहिली अक्षरे जुळवून आपण हे नाव तयार केले, असा खुलासा प्रतिवादींनी केला. न्यायालयाला तो पटला नाही. डोमेन नाव हा नुसता पत्ता नसून त्याला व्यापारचिन्हाइतकेच संरक्षण मिळाले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी याहूच्या प्रकरणात आणि सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २००४ रोजी सत्यम इन्फोवेच्या प्रकरणात तोच मार्ग धरला. या सर्व निकालांत पाहिले गेले ते लौकिक आणि हेतू. मात्र मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे असलेली आणि कडक अटींमुळे काही हजार नावांवरच थांबलेली डॉट इनची नोंदवही २००५ च्या आरंभी सर्वांना खुली करायची ठरली, तेव्हा जगरहाटीप्रमाणे जानेवारीतले तीन आठवडे नोंदणीकृत चिन्हांच्या मालकांसाठी राखले गेले, म्हणजे पुन्हा कागदच पुढे आला.

युरोपीय संघाने आपल्या डॉट इयूसाठी डॉट इन्फोचा अनुभव ध्यानात घेऊन पक्की तटबंदी केली होती. ७ डिसेंबर २००५ ला सुरू झालेल्या पहिल्या टप्प्यात नोंदणीकृत चिन्हांचे मालक आणि सार्वजनिक संस्था, दुसऱ्या टप्प्यात व्यापारी नावांसारख्या इतर हक्कांचे धारक आणि एप्रिल २००६ मध्ये बाकीचे, असा क्रम होता. अर्जामागून ४० दिवसांत कागदपत्रे पाठवायची होती आणि ती तपासण्यासाठी प्राइसवॉटरहाउसकूपर्स ही लेखापरीक्षण संस्था नेमली होती. तीन लाखांहून अधिक अर्ज आले. बनावट क्रमांक इथे चालणार नव्हते, म्हणून ज्यांना सर्वसामान्य शब्दांची मौल्यवान नावे हवी होती त्यांनी खरी प्रमाणपत्रे मिळवायला सुरुवात केली. बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांच्या सामाईक बेनेलक्स कार्यालयात नोंदणी झटपट होई, त्यामुळे तिथे गर्दी झाली. परंतु टायर, हॉटेल, प्रवास यांसारखे वर्णनात्मक शब्द त्याच मालासाठी कोणतेही कार्यालय चिन्ह म्हणून नोंदवत नाही, आणि ही अडचण पार करण्यासाठी ऑस्ट्रियातील इंटरनेटपोर्टल अँड मार्केटिंग या कंपनीने लढवलेली शक्कल खरोखरच दाद देण्याजोगी होती.

डोमेन नावात & हे चिन्ह चालत नाही. म्हणून युरोपीय नियमांत अशी सोय होती, की व्यापारचिन्हात असे विशेष चिन्ह असेल तर ते गाळून, त्या जागी आडवी रेघ घालून किंवा अक्षरांत लिहून नाव घ्यावे. कंपनीने ३३ सामान्य शब्द निवडले, प्रत्येक शब्दाच्या प्रत्येक अक्षराच्या मागेपुढे & घातले आणि ते विचित्र पुंजके स्वीडनमध्ये व्यापारचिन्हे म्हणून नोंदवून घेतले. टायर या अर्थाचा जर्मन शब्द ‘रायफन’ असाच & च्या मधून मधून डोकावत सुरक्षापट्ट्यांसाठीचे चिन्ह म्हणून नोंदला गेला; सनराइजमध्ये अर्ज करताना सर्व & गाळले, आणि उरला तो निखळ शब्द कंपनीच्या हाती पडला. सुरक्षापट्टे विकण्याचा तिचा इरादा नव्हता. तिला टायरविषयीचे संकेतस्थळ चालवायचे होते. या एका शब्दावर हक्क सांगणारा दुसरा चिन्हधारक खिडक्या साफ करण्याच्या उत्पादनांसाठी बेनेलक्समध्ये तेच नाव नोंदवून बसला होता, ही गोष्टही त्या काळावर पुरेसे भाष्य करते. प्रागमधील लवादाने कंपनीचे नाव काढून घेतले, कंपनी ऑस्ट्रियाच्या न्यायालयांत गेली आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रश्न लक्झेंबर्गला पाठवला. ३ जून २०१० रोजी युरोपीय न्यायालयाने सांगितले, की प्रमाणपत्र विधिवत असले तरी बदहेतू ठरवताना चिन्ह कोणत्या परिस्थितीत आणि कशासाठी मिळवले हे सगळे पाहिले पाहिजे : ज्या बाजारासाठी नोंदणी मागितली तिथे वापरण्याचा इरादा नसणे, & चा असा निरर्थक वापर, आणि सनराइज तोंडावर असताना अशा कित्येक चिन्हांची एकदम नोंदणी. निकाल नेमका होता, पण तो येईपर्यंत डॉट इयू सुरू होऊन चार वर्षे लोटली होती.

तोवर आयकॅनने विस्तारांची संख्याच अमर्याद करण्याचा निर्णय घेतला होता. जून २००८ मध्ये पॅरिसला धोरण मंजूर झाले आणि त्यानंतर आलेल्या अर्जपुस्तिकेच्या मसुद्यावर सर्वाधिक आरडाओरड चिन्हमालकांनी केली. मार्च २००९ मध्ये मेक्सिको सिटीच्या सभेत आयकॅनने व्यापारचिन्हांच्या वकिलांच्याच गटाला उपाय सुचवण्यास सांगितले. त्यांनी नेमलेल्या १८ जणांच्या समितीने मेअखेरीस अहवाल दिला. सर्व विस्तारांना सामाईक असा चिन्हांचा पडताळलेला साठा, उघड उघड बळकावलेली नावे झटपट गोठवणारी प्रक्रिया आणि रजिस्ट्रीच गैरव्यवहारात सामील असेल तर तिच्याविरुद्धची दाद, हे तिचे प्रस्ताव पुढे थोड्याफार बदलाने मान्य झाले. पण अहवालाचा मानबिंदू होता जागतिक संरक्षित चिन्हांची यादी, म्हणजे दहा वर्षांपूर्वी वायपोने सुचवलेलीच कल्पना. वादही तोच झाला : किती देशांतल्या किती नोंदण्या असल्या म्हणजे चिन्ह जगाचे झाले म्हणायचे, आणि ॲपल किंवा शेल यांसारखा मूळचा रोजच्या वापरातला शब्द यादीत गेला तर तो इतरांनी कुठे वापरायचा? आयकॅनने दुसऱ्यांदा यादी नाकारली. २० जून २०११ रोजी सिंगापूरला कार्यक्रमाला अंतिम मंजुरी मिळाली, आणि अमेरिकेतील जाहिरातदारांच्या संघटनेने सिनेटच्या समितीपर्यंत तक्रारी नेल्या तरी १२ जानेवारी २०१२ पासून अर्ज घेणे सुरू झाले. १,८५,००० डॉलर शुल्क असूनही १,९३० अर्ज आले.

सामाईक साठा ट्रेडमार्क क्लिअरिंगहाउस या नावाने २६ मार्च २०१३ रोजी सुरू झाला. पडताळणी डिलॉइटकडे आणि तांत्रिक बाजू आयबीएमकडे होती. इथे मागच्या फसगतींचे धडे एकेक करून नियमांत उतरलेले दिसतात. चिन्ह एकदाच तपासले जाते, म्हणून डॉट इन्फोसारखी बनावट चालत नाही. सनराइजचा लाभ हवा असेल तर चिन्ह प्रत्यक्ष वापरात असल्याचे प्रतिज्ञापत्र आणि नमुना द्यावा लागतो, म्हणून निव्वळ नोंदणीसाठी नोंदलेले चिन्ह अडते. प्रत्येक नव्या विस्ताराला किमान ३० दिवसांचा सनराइज आणि त्यानंतर किमान ९० दिवसांची दाव्यांची सूचना बंधनकारक झाली. म्हणजे डॉट इन्फो आणि डॉट बिझ या दोघांच्या रीती एकापुढे एक जोडल्या गेल्या. एका चिन्हाचे वर्षाचे शुल्क १५० डॉलर होते. पहिला सनराइज २०१३ च्या ऑक्टोबरअखेरीस अरबी लिपीतल्या ‘शबका’ या विस्तारात झाला. कंपन्यांची झुंबड उडेल असे वाटले होते; प्रत्यक्षात बहुतेक विस्तारांत सनराइजमधली नोंदणी सरासरीने शंभर-दीडशे नावांच्या आसपासच राहिली, कारण शेकडो विस्तारांत शेकडो नावे घेत बसणे कोणालाच परवडणारे नव्हते.

विस्तार म्हणूनच चिन्ह मागणाऱ्यांचा प्रश्न निराळा होता आणि तिथे कागदाची मर्यादा फार ठळकपणे दिसली. क्रायस्लरने आपल्या मालवाहू गाड्यांच्या चिन्हावरून डॉट राम मागितले, तेव्हा भारत सरकारने धार्मिक भावनांचा मुद्दा काढून हरकत घेतली आणि जुलै २०१३ मध्ये डर्बन येथे सरकारांच्या सल्लागार समितीने तिची नोंद केली. अर्ज पुढे मागे घेतला गेला. मुंबईच्या टाटा सन्सला आपल्याच नावाचा विस्तार मिळवण्यासाठी मोरोक्कोची ना-हरकत लागली, कारण टाटा हा त्या देशाचा एक प्रांत आहे आणि आंतरराष्ट्रीय मानकातल्या प्रांतनामांना संबंधित सरकारच्या संमतीचे संरक्षण होते. चिन्हांच्या ४५ वर्गांत देवाला किंवा प्रांताला जागा नसते.

सनराइजची व्यवस्था उलटी फिरवून दाखवली ती डॉट सक्सने. निंदेसाठी वापरल्या जाणाऱ्या इंग्रजी शब्दावरचा हा विस्तार व्हॉक्स पॉप्युली या कॅनडातील कंपनीकडे होता. आपल्या नावापुढे हा शेपटा दुसऱ्याने लावू नये असे प्रत्येक कंपनीला वाटणार हे ओळखून, ३० मार्च २०१५ ला सुरू झालेल्या सनराइजमध्ये नावाची किंमत वर्षाला २,४९९ डॉलर ठेवली गेली, तर सामान्य ग्राहकाला तेच नाव त्याच्या दशांशाच्या आसपास मिळणार होते. शिवाय ज्या चिन्हांनी आधीच्या विस्तारांच्या सनराइजमध्ये नावे घेतली होती त्यांची वेगळी यादी करून त्यांच्यासाठी ही चढी किंमत कायम ठेवली गेली. जो सावध, त्याला सावधपणाचा भुर्दंड. चिन्हमालकांच्या गटाने याला लूट म्हटले. आयकॅनने ९ एप्रिल रोजी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला आणि कॅनडाच्या ग्राहक व्यवहार कार्यालयाला पत्र लिहून यात काही बेकायदा आहे का, असे विचारले, आणि दोघांपैकी कोणीही विक्री थांबवली नाही. आपल्याच परवान्याने चाललेल्या दुकानाविषयी आयकॅनने इतरांकडे विचारणा करावी, हे काहीसे विनोदी होते. पण नियम बनवताना सनराइजमधली किंमत मोकळी सोडली गेली होती आणि रजिस्ट्रीने त्या मोकळीकीचाच वापर केला होता.

२०१६ मध्ये या साऱ्या उपायांचा आढावा घेणारा गट बसला. त्याआधीपासून चाललेल्या आणि २०१७ मध्ये पूर्ण झालेल्या एका स्वतंत्र अभ्यासात असे दिसले होते, की दाव्याची सूचना मिळालेल्यांपैकी सुमारे ९४ टक्के नोंदण्या पुऱ्याच झाल्या नाहीत. सूचनेचा धाक बळकावणाऱ्यांना बसला की प्रामाणिक ग्राहकाला, हे मात्र त्या आकड्यावरून सांगता येत नव्हते. साठ्यातल्या ज्या शब्दांना सर्वाधिक मागणी होती त्यांत ‘स्मार्ट’, ‘हॉटेल’, ‘लव्ह’, ‘क्लाउड’ असे शब्द होते, आणि हॉटेलचे नाव घेणारा माणूस बहुधा हॉटेलच काढत असतो. चार वर्षांहून अधिक चर्चा करून नोव्हेंबर २०२० मध्ये गटाने सनराइज आणि सूचना दोन्ही जवळपास आहेत तशाच ठेवण्याची शिफारस केली, कारण बदलावर कोणाचेच एकमत झाले नाही.

दरम्यान नाकारलेली यादी दुसऱ्या दाराने आत आली होती. २०१३ मध्येच शेकडो विस्तार घेणाऱ्या डोनट्स या रजिस्ट्रीने क्लिअरिंगहाउसमध्ये तपासलेल्या चिन्हाचा शब्द आपल्या सर्व विस्तारांत एकरकमी शुल्कावर रोखून ठेवण्याची सेवा विकायला काढली. २०११ मध्ये प्रौढांसाठीच्या डॉट ट्रिपल एक्सने सनराइजमध्येच नाव न वापरता बंद करून ठेवण्याची सोय दिली होती आणि तिचा अनुभव रजिस्ट्रींसमोर होता. २०२४ मध्ये अनेक रजिस्ट्रींनी मिळून ग्लोबलब्लॉक ही सेवा आणली आणि शेकडो विस्तारांत एकाच व्यवहारात शब्द रोखणे शक्य झाले. यात कोणत्या देशात किती नोंदण्या आहेत हे कोणी विचारत नाही, किती प्रसिद्धी आहे हे मोजावे लागत नाही आणि सार्वजनिक चर्चेची गरज पडत नाही. १९९९ मध्ये आणि २००९ मध्ये ज्या यादीच्या निकषावर जग अडले होते, तिचा निकष वार्षिक शुल्क हा ठरला. नव्या विस्तारांच्या पुढच्या फेरीचे अर्ज एप्रिल २०२६ पासून घेण्याचे आयकॅनने ठरवले असून एका अर्जाचे शुल्क २,२७,००० डॉलर आहे, आणि तिच्यातही प्रत्येक विस्ताराला सनराइजचे ३० दिवस बंधनकारकच आहेत.